जुन्या सँट्रोचा हीटर नागपूरच्या थंडीत गार पडतो, हीटर कोअर बदलावा का?

आत्ताच बदलू नका. गॅरेजमध्ये कोअर बदलायला सांगितलं, त्यासाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, असं तुम्ही लिहिलंय. पण त्याच प्रश्नात तुम्ही हेही सांगितलंय की पहाटे बुटीबोरीला जाताना वर्धा रोडवर वेग घेतला की हवा गार येते आणि सिग्नलला थांबलं की कोमट होते. कोअर चोक झाला असता तर थांबल्यावर असा फरक पडला नसता. हे लक्षण थर्मोस्टॅटचं, म्हणजे कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) वाट उघडबंद करणाऱ्या व्हॉल्व्हचं आहे.

गाडीच्या हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिनातलं गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून, म्हणजे कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. कूलंट साधारण ८२ अंशांवर जाईपर्यंत थर्मोस्टॅट त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो उघडाच अडकला किंवा काढूनच टाकलेला असला, तर सगळं पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. समोरून आठ-दहा अंशांचा वारा येत असताना इंजिन तापणार कसं? सिग्नलला वारा थांबतो, म्हणून तेवढ्यापुरती ऊब येते.

आपल्याकडे तो काढून टाकलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की जुन्या गाड्या तापतात, आणि ‘कायले पाहिजे जी हे नागपुरात’ म्हणत व्हॉल्व्ह काढला जातो. मला हे मनापासून खटकतं. गाडी तापण्याचं कारण बहुतेकदा चोक झालेला रेडिएटर, मंद पडलेला फॅन किंवा झिजलेला वॉटर पंप असतं, आणि ते तसंच राहतं. वर थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, झीजही वाढते. हिवाळा थोडक्या दिवसांचा, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही गाडी सेकंडहँड घेतली आहे, तेव्हा आधीच्या मालकाच्या काळात काय झालं हे गाडीलाच विचारावं लागेल.

ते असं: सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर अधूनमधून हात ठेवा, फॅन-बेल्टपासून लांब राहून. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप बरीच मिनिटं गार राहून मग एकदम तापेल. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह नाही किंवा अडकलाय. हायवेवर पंधरा मिनिटं चालवूनही टेंपरेचरचा काटा तळाशीच राहत असेल, तर शंकाच नको. नवा थर्मोस्टॅट कोअरच्या तुलनेत अगदी स्वस्त असतो. बसवताना गॅस्केटही (सांध्यातून गळू न देणारी चकती) नवंच लावा.

सोबत कूलंटची पातळी बघा. नुसती कूलंटची जादा बाटली बघू नका, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका, भाजतं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी भरलं गेलं असेल तर क्षार धरतात आणि कोअरच्या बारीक नळ्या त्यानेच बुजतात. पातळी कमी असेल तर हवा अडकते. अशा वेळी उलटं दिसतं: रेस दिल्यावर हवा गरम, आयडलला गार. कूलंट भरताना गाडीचं नाक घराच्या रॅम्पवर वर करून हीटर पूर्ण गरमवर ठेवला की हवा निघून जाते.

एवढं करूनही ऊब आली नाही, तर बोनेटखालून केबिनकडे जाणारे दोन बारीक पाइप बघा. दोन्ही गरम असतील तर कोअर चांगला आहे, गरम-गार हवा वळवणारा आतला फ्लॅप किंवा त्याची केबल सरकत नाहीये. एक गरम, एक गार असेल तर कोअर चोक आहे. दोन्ही पाइप सोडून बागेच्या नळीने कमी दाबाचं पाणी उलट दिशेने सोडलं की बऱ्याचदा मोकळा होतो. आणि पाइप केबिनकडे न जाता एकमेकांनाच जोडलेले दिसले, तर कधीतरी गळती लागल्यावर कुणीतरी हीटर बायपास केलाय.

कोअर खरोखर बदलायचा तो गळत असेल तेव्हा: केबिनमध्ये गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून चिकट थर, डाव्या सीटपुढची मॅट ओली. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. कूलंट मात्र कुठेही न गळता सारखं कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) तपासल्याशिवाय बुटीबोरीला जाऊ नका.

तोपर्यंत ब्लोअर एक-दोनवरच ठेवा, जोरात सोडला तर आहे ती ऊबही जाते. रिसर्क्युलेशनने, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवल्याने, केबिन लवकर गरम होते, पण काचेवर वाफ धरू लागली की लगेच बाहेरची हवा घ्या, धुक्यात दिसणं आधी. २०१८च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, म्हणून काम पुढे ढकलू नका. गॅरेजची वेळ सकाळची पहिली घ्या आणि शक्य असेल तर गाडी आदल्या रात्रीच तिथे सोडा, कारण तापलेल्या इंजिनावर वरच्या पाइपची तपासणी करता येत नाही.