जुनी स्पोर्ट्स कार : किलोमीटर कमी, वय जास्त

जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारविषयी आलेल्या पत्रांतील प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. सांगलीत माझे हार्डवेअरचे दुकान असून मोटारींची आवड शाळेपासूनची आहे. पुण्यातील एका गृहस्थांची २००४ सालची पोर्शे बॉक्स्टर विकाऊ आहे. इंजिन २.७ लिटरचे असून गाडी जेमतेम ३१ हजार किलोमीटर धावली आहे आणि गेली काही वर्षे शेडमध्येच उभी आहे. वापर नसल्याने ती नव्यासारखी राहिली आहे, असे मालकांचे म्हणणे आहे. गाडी घ्यावी का आणि घेताना काय तपासावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गाडी घेण्याजोगी असू शकते, परंतु मालकांनी गुण म्हणून सांगितलेली गोष्ट मी धोक्याच्या बाजूला मांडतो. मोटारीतील धातूचे भाग धावण्याने झिजतात, तर रबर, प्लास्टिक, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट ही मंडळी नुसत्या दिवसांनी म्हातारी होतात, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीत बिघाडाचे मूळ बहुधा या दुसऱ्या गटातच सापडते. ३१ हजार किलोमीटर धावून पुढे उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा नव्वद हजार किलोमीटर नियमाने धावलेली आणि प्रत्येक कामाची पावती जपलेली गाडी मी केव्हाही पसंत करीन.

या विशिष्ट इंजिनाबाबत तर हे अधिकच खरे आहे. बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत (१९९६ ते २००४) ‘एम ९६’ मालिकेतील पाण्याने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे बसवलेले आहे. क्रँकशाफ्टची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) गती कॅमशाफ्टकडे (व्हॉल्व्हची उघडमीट करणाऱ्या दांड्याकडे) पोचवण्यासाठी त्यात एक मधला शाफ्ट असतो आणि त्याचे फ्लायव्हीलकडचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचे, टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर फिरते. बेअरिंगमधील ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. सील जुने झाले की इंजिन ऑइल आत शिरते, ग्रीस धुऊन नेते आणि स्वतः मात्र आतच अडकून खराब होत राहते. पुढे बेअरिंग फुटले तर व्हॉल्व्हचे टायमिंग चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि संपूर्ण इंजिन हातचे जाते. सुरुवातीच्या इंजिनांत हे बेअरिंग गोळ्यांच्या दोन रांगांचे होते, नंतरच्या वर्षांत एकाच रांगेचे आले, आणि या दुसऱ्या प्रकाराचा लौकिक अधिक वाईट आहे. अमेरिकेत ग्राहकांनी त्यावरून सामूहिक दावाही केला होता आणि तो तडजोडीने मिटला. २००४ सालची गाडी या नंतरच्या गटात मोडते. प्रत्येक बेअरिंग फुटतेच असे मुळीच नाही. पण जी गाडी नियमाने धावते आणि जिचे ऑइल वेळेवर बदलले जाते, तिला हा धोका कमी, असे अनेक मालकांचे आणि मेकॅनिकांचे म्हणणे आहे व ते मला पटते.

म्हणून सौदा ठरण्यापूर्वी, स्वतःच्या खर्चाने का होईना, इंजिन ऑइल उतरवून ऑइल फिल्टर काढून पाहावा. या गाडीचा फिल्टर कागदी असून तो प्लास्टिकच्या भांड्यात बसतो. त्याच्या घड्या ब्लेडने कापून कागद पांढऱ्या कपड्यावर पसरावा, ऑइल निथळू द्यावे आणि उन्हात तो तिरपा धरून पाहावे. चमकणारे कण दिसले तर त्यांवरून चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारे पोलादी कण बेअरिंगकडे बोट दाखवतात, न चिकटणारे ॲल्युमिनिअमचे असण्याचा संभव अधिक, आणि तपकिरी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर ते टायमिंग चेनला (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीला) आधार देणाऱ्या पट्ट्यांचे समजावेत. पोलादी कण दिसले तर किंमत कितीही खाली आली तरी ती गाडी सोडून द्यावी. फिल्टर स्वच्छ निघाला तरी बेअरिंग बदलण्याचा खर्च मनात धरूनच बोली करावी. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणून क्लच प्लेट, क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील आणि हे बेअरिंग ही तिन्ही कामे एकाच वेळी उरकावीत. मजुरी एकदाच पडते.

टायरवर पुष्कळ नक्षी शिल्लक असेल, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात; २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दहा वर्षांपूर्वीच्या टायरवर ही गाडी महामार्गावर नेणे मी जिवाशी खेळणे समजतो, मग तो टायर दिसायला कितीही काळाकुळकुळीत असो.

पुराची गोष्ट सांगलीकरांना वेगळी सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णाकाठच्या कितीतरी मोटारी पाण्यात राहिल्या, आणि पाण्यातून निघालेली मोटार चकचकीत करून दूरच्या गावी विकणे हा काही नवा प्रकार नाही. आपली गाडी पुण्याची असली तरी त्या वर्षांत ती कोठे होती, हे आरसी बुकावरून आणि सर्व्हिसच्या पावत्यांवरून पडताळावे. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. धुणारा माणूस वरचा पट्टा धुतो, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग राहून जातो आणि गाळाची कडा तेथे स्पष्ट दिसते. आसनाखालच्या रुळांवरील गंजही असाच बोलका असतो.

राहिला कागदपत्रांचा भाग. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून नूतनीकरण करावे लागते. आयात केलेल्या चारचाकीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दुप्पट करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण झालेले नसेल तर तो खर्च विकणाऱ्याने सोसावा, हे आधीच ठरवून घ्यावे. या सगळ्याशिवाय किमतीच्या किमान तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत असेल, तरच व्यवहार करावा. ती नसेल तर आणखी वर्षभर थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची बीएमडब्ल्यू झेड ४ आहे. पावसाळ्यात ती झाकून ठेवली होती. आता कापडी टप अर्ध्यावर येऊन थांबतो, मोटरचा आवाजही येत नाही आणि आत कुबट वास येतो. टप बदलावा लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : टपाला हात लावू नये, दोष बहुधा त्याच्याखाली आहे. या पिढीच्या झेड ४ मध्ये टप उघडमीट करणारा हायड्रॉलिक पंप मागच्या बाजूला अगदी खोलगट जागी बसवलेला आहे आणि टपावरून ओघळणारे पाणी ज्या नळीने खाली जाते, ती नळी त्याच्याजवळूनच जाते. तिच्या तोंडाशी पालापाचोळा आणि माती साचली की पाणी तुंबते आणि पंपाची मोटर त्यात बुडते. आवाज मुळीच येत नाही, यावरून हेच घडले असावे असे वाटते. फ्यूज तेवढा आधी पाहून घ्यावा. मोटर खोलून, वाळवून आणि कार्बन ब्रश साफ करून कधीकधी परत चालू होते. नाही झाली तर बदलावी लागेल. दुरुस्तीनंतर तो पंप थोड्या उंच, कोरड्या जागी हलवून घेणारे मालक पुष्कळ आहेत आणि साताऱ्याचा पाऊस पाहता मीही तोच सल्ला देईन.

नळ्या मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास अशा वर्षातून दोनदा साफ कराव्यात. त्यांत कॉम्प्रेसरची हवा जोराने मारू नये, कारण आतला सांधा निसटला तर पाणी थेट गाडीत उतरते. जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने सरकवावी, मग तांब्याभर पाणी ओतावे आणि ते गाडीखाली पडते का ते पाहावे. झाकण्यासाठी ताडपत्री वापरली असल्यास ती आजच काढावी. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि कुबट वासाचे निम्मे कारण तेच असते. छपराखाली उभी असलेली गाडी साध्या सुती चादरीने झाकलेली बरी.

प्रश्न : गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म माझ्याकडे आहे. नव्या पेट्रोलने जुन्या गाड्या खराब होतात, असे सगळे म्हणतात. आमच्या भागात तर इथेनॉल हा शेतकऱ्याच्या उसाला चार पैसे मिळवून देणारा विषय आहे. खरे काय समजावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सर्वत्र मिळते आणि उसाला त्याचा आधार आहे, याचा आनंद मलाही आहे. पण आपली गाडी गेल्या शतकाच्या अखेरीस आखलेली आहे. रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी असलेली ही लहानशी मोटार बनवणाऱ्यांपुढे असे मिश्रण नव्हते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरणार. त्याला इलाज नाही. खरी काळजी इंधनाच्या रबरी नळ्यांची आणि सीलांची. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते किंवा त्याला भेगा जातात.

दुसरी अडचण उभ्या गाडीची. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पंप नेमका तळातूनच इंधन खेचतो. म्हणून इथेनॉल चालेल असे लिहिलेल्या नव्या नळ्या एकदाच सगळीकडे बसवून घ्याव्यात, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हवेला जागा उरू नये म्हणून टाकी भरून ठेवावी, आणि शक्य तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी बाहेर काढावी. नुसते इंजिन चालू करून पाच मिनिटांत बंद करणे वाईट, कारण तेवढ्यात ऑइल पुरेसे तापत नाही आणि त्यात जमलेली ओल उडून जात नाही. नळी बदलल्यानंतर पहिले काही दिवस पेट्रोलचा वास येतो का, याकडे बारीक लक्ष ठेवावे. फायबरग्लासची बॉडी गंजत नाही हे खरे असले तरी आग लागल्यास ती जळते. त्या गाडीत अग्निशामक नळकांडे असलेच पाहिजे.

प्रश्न : माझे सातारा शहराबाहेर गॅरेज आहे. एक ग्राहक जुनी बॉक्स्टर घेऊन आले आहेत. महामार्गावर तापमान ठीक राहते, पण गर्दीत आणि घाटात काटा चढतो. कूलंट भरलेले आहे, पंखे फिरतात. अशा गाडीला हात लावावा की पुण्याला पाठवून द्यावी?
— एक गॅरेजचालक, सातारा

उत्तर : अवश्य हात लावा. सावध मेकॅनिकला या गाडीची पुष्कळ कामे जमतात, आणि गाडी गावातच सांभाळली गेली तर मालकही ती अधिक वापरतील.

इंजिन मागे असले तरी रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही टोकांना आहेत आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर आहेत. बंपरची तोंडे रस्त्यालगत असल्याने जे समोर येईल ते आत खेचले जाते. आपल्याकडे गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीतून उडणारे उसाचे पाचट त्यात सर्वांत वाईट, कारण त्याची लांब पाती कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात आणि वरून टॉर्च मारली तर दिसतही नाहीत. वेग असताना थोडीफार हवा वाट काढते, वेग कमी झाला की काटा चढतो. आपण सांगितलेले लक्षण नेमके हेच आहे. बंपर उतरवून, कंडेन्सरचे स्क्रू काढून तो गॅसच्या नळ्या न सोडता जरा पुढे झुकवावा आणि कचरा हाताने काढावा. नंतर पाणी साध्या नळाच्या दाबाने सोडावे. प्रेशरच्या पाण्याने पातळ पत्र्या मुडपतात.

त्याच वेळी मागच्या डिकीचा गालिचा उचलून कूलंटच्या प्लास्टिक टाकीखाली बोट फिरवून पाहावे. ती टाकी वयाने तडकते आणि ओल सर्वांत आधी तेथे लागते. वॉटर पंप कधी बदलला याची नोंद नसेल तर तोही बदलण्यास मालकांना सांगावे.

दोन ठिकाणी मात्र थांबावे. कूलंट पूर्ण उतरवले तर या लांबलचक नळ्यांतून हवा साध्या पद्धतीने निघता निघत नाही. निर्वात पंपाने भरण्याचे साधन आपल्याकडे नसेल तर ते काम घेऊ नये. आणि गाडी उचलताना जॅक ठरलेल्या चार बिंदूंनाच लावावा, इंजिनाच्या ऑइल चेंबरला कदापि नाही. पुण्याला पाठवण्याची वेळ आलीच तर टोचन करून नेऊ नये. सपाट प्लॅटफॉर्मची गाडी मागवावी आणि चढवताना पुढच्या बंपरखाली फळ्या द्याव्यात.