सतराशे तासांची फी

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे त्याच वाटेवर असलेल्या इतरांनाही उत्तर उपयोगी पडेल. तुझ्या आत्याने तुझ्या बाबांसाठी भरलेली ग्रीन कार्डाची केस इतक्या वर्षांनी लागली. आई-बाबा आणि तू इमिग्रंट व्हिसावर न्यू जर्सीला येताय. दादाचं वय आई-बाबांबरोबर व्हिसा मिळण्याच्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे तो मागे राहतोय. तू सांगलीत टीवायबीएस्सीला आहेस, विषय मायक्रोबायोलॉजी, आणि दोन वर्षं एनएसएस केलंयस. अमेरिकेत वर्षभर सेवा केली की शिक्षणाला पैसे मिळतात असं तू ऐकलंस. ते खरं का, तुला मिळतील का, आणि त्यातून दादाचं एज्युकेशन लोन फेडता येईल का, असं विचारलंयस.

खरं आहे. मी स्वतः घेतलेत. कार्यक्रमाचं नाव अमेरिकॉर्प्स. 1993 च्या कायद्याने तो सुरू झाला आणि शाळा, दवाखाने, फूड बँका, घरबांधणी, जंगलं असल्या कामांवर माणसं पाठवतो. सेवा पूर्ण झाली की सीगल एज्युकेशन अवॉर्ड मिळतो. मात्र यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एफ-1 वर शिकायला आलेल्यांना किंवा एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून, आलेल्या बायकांना हा रस्ता बंद आहे, आणि हे न कळल्यामुळे अर्ज करून हिरमुसलेल्या दोघी-तिघी मला माहीत आहेत. तुझं तसं नाही. एअरपोर्टवर पासपोर्टातल्या व्हिसावर जो शिक्का बसेल तो वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो, त्यामुळे प्लास्टिकच्या कार्डाची वाट बघत थांबू नकोस.

आता दादाचं लोन. नाही फिटणार. हे पैसे हातात येत नाहीत, खात्यातही जमा होत नाहीत. तू ऑनलाइन विनंती टाकायची आणि रक्कम थेट कॉलेजला किंवा कर्ज देणाऱ्याला जाते. कर्जही इथल्या सरकारच्या योजनांतलं लागतं; भारतातल्या बँकेचं चालत नाही, शिवाय ते दुसऱ्याच्या नावावरचं. आपला अवॉर्ड मुलाला किंवा नातवंडाला देता येतो, पण सेवा सुरू करताना वय 55 किंवा जास्त असेल तरच. तुझ्या बाबांचं वय तेवढं असेल आणि त्यांना शाळेत शिकवण्याचं काम झेपणार असेल, तर हे त्यांच्या कानावर नक्की घाल. फक्त व्हिस्टा नावाच्या शाखेत ही सोय नाही.

रकमेचं सांगते. पूर्णवेळ सेवा म्हणजे 1,700 तास, साधारण दहा ते बारा महिने. पेल ग्रँट म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी सरकारकडून मिळणारी, परत न करायची मदत; त्या वर्षी तिची कमाल रक्कम असते तेवढा अवॉर्ड. सध्याच्या हिशेबाने 7,395 डॉलर. माझ्या वेळी पावणेसहा हजारांच्या आसपास होता. 900 तासांना निम्मे, 300 तासांना साधारण दीड हजार. आयुष्यात दोन पूर्ण अवॉर्डांएवढीच रक्कम मिळवता येते. भागून बघ, तासाला सव्वाचार डॉलरच्या थोडं वर पडतात. दुकानात उभं राहिलीस तर यापेक्षा कितीतरी जास्त मिळतील. सेवेच्या काळात वेगळा लिव्हिंग अलाउन्स आणि पूर्णवेळ असशील तर आरोग्य विमा मिळतो, पण त्या अलाउन्समध्ये एडिसनला खोली भाड्याने घेता येत नाही. मी मावशीकडे राहून हे वर्ष काढलं. आत्या वर्षभर ठेवून घेणार असेल तरच यात पड, हे मी अगदी मनापासून सांगते.

मग मी का केलं? मी ट्रेन्टनच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या मुलांना वाचायला बसवायचे. ग्वाटेमालाहून आलेला एक मुलगा होता, माझ्याइतकाच नवा. एकदा मी ‘वेस्ट’ म्हणाले आणि तो गोंधळला, कारण पश्चिम की बिनबाह्यांचं जाकीट हे त्याला कळेना. मग त्याने स्वतःचा खालचा ओठ दातांखाली धरून मला दाखवलं: हा एक व. नंतर शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू केला: हा दुसरा. आपल्याला एकच व पुरतो, ते दोन आहेत हे बारा वर्षं इंग्रजी शिकूनही मला कुणी दाखवलं नव्हतं. त्या वर्षाने मला बोलायची भीड घालवली, दोन अमेरिकन शिफारसपत्रं दिली आणि राज्यात वर्षभर राहिल्याचा पुरावा दिला. सरकारी कॉलेजांत राज्यातल्या रहिवाशांची फी बरीच कमी असते आणि त्यासाठी सहसा बारा महिने राहिलेलं असावं लागतं. आल्या आल्या प्रवेश घेणारी आपली मुलं हाच फरक भरत बसतात.

आता चूक सांगते. फेब्रुवारीत वडील आजारी पडले म्हणून मी चार आठवडे कराडला गेले. तास मागे पडले. 1,699 झाले तरी पूर्ण अवॉर्ड मिळत नाही. आजारपणासारख्या सबळ कारणाने मध्येच सोडावं लागलं तर झालेल्या तासांच्या प्रमाणात देतात, पण ते कार्यक्रमाने मान्य करावं लागतं. मी जूनपर्यंत प्रत्येक शनिवारी फूड बँकेत डबे लावून ते तास भरून काढले. दर शुक्रवारी तासांची नोंद करून वरिष्ठांची मंजुरी घेत जा, महिनाअखेरीला ढकलू नकोस.

दुसरी गोष्ट टॅक्सची. अवॉर्ड ज्या वर्षी वापरतेस त्या वर्षीचं उत्पन्न धरलं जातं आणि आधी काहीही कापलं जात नाही. मी सगळी रक्कम एका कॅलेंडर वर्षात वापरली आणि एप्रिलमध्ये हिशेब बघून घाबरले. निम्मी ऑगस्टच्या आणि निम्मी जानेवारीच्या सत्राला लाव. सेवा संपल्यापासून सात वर्षं हातात असतात. कॉलेज आधी निवडून घे: इथल्या सरकारी विद्यार्थी-मदतीच्या यादीतलं असायला हवं. माझ्या कॉलेजच्या ऑफिसात ती विनंती मंजूर करायलाच पाच आठवडे लावले आणि लेट फी माझ्या माथी मारली, तेव्हा सत्र सुरू व्हायच्या दीड-दोन महिने आधी विनंती टाक.

सगळ्यात अवघड निर्णय टीवायचा. पदवी न घेता आलीस तर इथे बॅचलरला पेल ग्रँटसाठी अर्ज करता येतो, ग्रीन कार्डवाल्यांनाही. मग कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पहिल्या दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज, पेलवर काढायचं आणि अवॉर्ड पुढच्या दोन वर्षांसाठी राखायचा, कारण इतर मदत वजा करून उरलेल्या खर्चालाच तो लागतो. पदवी घेऊन आलीस तर पेल जातं, भारतातली पदवीही धरतात. शिवाय तीन वर्षांची बीएस्सी सगळी विद्यापीठं मास्टर्सला मान्य करत नाहीत. तरीही माझं मत: परीक्षा देऊनच ये. अडीच वर्षांचा अभ्यास आणि प्रॅक्टिकल्स अर्धवट टाकून आलेल्यांना इथे फार थोड्या विषयांचे क्रेडिट मिळताना मी बघितलंय. पदवी असली की आरोग्याच्या कामात जागा मिळणं सोपं जातं, आणि अवॉर्ड पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला वापरता येतो. पात्रतेबद्दल दोन-तीन विद्यापीठांना आत्ताच ईमेल करून विचार.

बहुतेक कार्यक्रम ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात. व्हिसा साधारण सहा महिने चालतो, तेव्हा परीक्षा झाल्यावर जूनपर्यंत पोहोचता येतंय का बघ. मुलाखतीत एक प्रश्न न लाजता विचार: तुमचं अनुदान कुठल्या तारखेपर्यंत मंजूर आहे? 2025 च्या एप्रिलमध्ये जवळपास 40 कोटी डॉलरची अनुदानं एकदम रद्द झाली आणि हजारो मुलांची सेवा मध्येच तुटली.

एनएसएसच्या प्रमाणपत्राला इथे क्रेडिट मिळत नाही. पण तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून कॉलेजच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र आण. कुठल्या गावात शिबिर झालं, तू काय केलंस, वर्षाला किती तास, हे आकड्यांत लिहून घे. मार्कशीटच्या सीलबंद प्रती निदान चार घे. इथून पुन्हा मागवताना माझे तीन महिने गेले.