फोर-स्ट्रोक सोडून साधी, हलकी टू-स्ट्रोक एंड्युरो बाईक घेण्यात अजून काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की फोर-स्ट्रोकमध्ये एवढं सगळं आधुनिक मिळत असताना लोक टू-स्ट्रोक एंड्युरोच्या (दगड, चिखल, चढ अशा वाटांसाठी बनवलेल्या ऑफ-रोड बाईकच्या) मागे का लागतात, जुन्या आठवणी सोडून त्यात काही आहे का. ते "जुन्या आठवणी" वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य आमच्या ग्रुपमधले एक सीनियर मला वर्षानुवर्षं ऐकवतायत. त्यांच्याबद्दल आदर आहे, रायडर म्हणून माझ्यापेक्षा सरस आहेत, पण या एका बाबतीत त्यांचं अजिबात पटत नाही.

एकदा आम्ही ओढ्याच्या पात्रातून वर चढत होतो. ओले गोटे, शेवाळ, आणि मध्येच गुडघ्याच्या वर येणारी दगडाची पायरी. त्यांची ४५० सीसी फोर-स्ट्रोक, माझी ३०० सीसी टू-स्ट्रोक. ते पुढे होते, चांगल्या स्पीडने आले, पुढचं चाक पायरीवर आपटलं, इंजिन बंद आणि गाडी आडवी. उचलली, स्टार्ट केली, क्लच सोडला की परत बंद. असं चालूच राहिलं. तोवर फॅन सतत फिरतोय, रेडिएटरमधून कूलंट उकळून बाहेर, नुसता सेल्फ मारून मारून बॅटरीने मान टाकली आणि त्या गाडीला किक नव्हतीच. माणूस घामाने निथळलेला, हात थरथरत होते. मी मागून दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू आलो, क्लच अर्धा धरून पुढचं चाक पायरीवर ठेवलं, मागचं घसरलं तशी गाडी माझीही पडली, पण एका झटक्यात उचलली, एका किकमध्ये सुरू झाली, मग खाली उतरून बाजूने चालत, थ्रॉटल देत ढकलत वर काढली. नंतर आम्ही तिघांनी पट्टा बांधून त्यांची गाडी ओढली. वर पोचल्यावर ते काय म्हणाले? "तुला लाईन चांगली मिळाली." लाईन तीच होती! त्यांच्याच टायरच्या खुणांवरून मी आलो होतो.

आता वजनाचं. कागदावर बघाल तर फरक थोड्याच किलोंचा दिसेल, आजच्या ३०० टू-स्ट्रोक इंधन सोडून १०५ किलोच्या आसपास असतात आणि चांगल्या फोर-स्ट्रोक काही फार पुढे नाहीत. पण हातात घेतल्यावर गाडी कागदापेक्षा जास्त हलकी वाटते, कारण वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर, व्हॉल्व्ह (झडपा) नाहीत, त्या उघडणारा कॅम नाही, कॅम फिरवणारी टायमिंग चेन नाही, म्हणजे वजन खाली आणि आत फिरणारे पार्ट कमी. झाडांमधून गाडी डावी-उजवी टाकताना हे लगेच कळतं, आणि दिवसाच्या शेवटी दंडांना तर जास्तच कळतं. शिवाय क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक, त्यामुळे ३०० सीसीतच भरपूर ताकद मिळते. पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचं तोंड आरपीएमप्रमाणे लहान-मोठं करणारी झडप) नीट सेट असेल तर ती ताकद खालच्या आरपीएमलाही सापडते, चाक उगाच सुटत नाही.

दुरुस्तीबद्दल सीनियर म्हणतात, टू-स्ट्रोकचा पिस्टन सारखा बदलावा लागतो. बदलावा लागतो, मान्य. पण कूलंट काढा, टाकी आणि एक्झॉस्ट उतरवा, हेड आणि सिलिंडर वर घ्या, क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा म्हणजे सर्क्लिप (पिस्टनची पिन धरून ठेवणारी छोटी क्लिप) आत पडणार नाही, पिस्टन-रिंग-गॅस्केट नवीन, बंद करा. घरच्या घरी एका दुपारचं काम. फोर-स्ट्रोकमध्ये एक व्हॉल्व्ह गेला तर काय काय उघडावं लागतं आणि बिल किती होतं ते त्यांनाच विचारा.

त्यांचा हुकमी मुद्दा असा की मोटोक्रॉसमध्ये (मातीच्या बंद ट्रॅकवरच्या रेसमध्ये) फोर-स्ट्रोकने टू-स्ट्रोकला संपवलं. अहो, नियम बघा ना! १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक आणि २५० समोर ४५०, जवळजवळ दुप्पट सीसी देऊन लढवलं तर निकाल काय लागणार? आणि जिथे दगड आणि चढ ठरवतात तिथलं बघा. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत १९९५ पासून रेस होते, मुख्य रेसला पाचशे जण सुटतात आणि शेवटपर्यंत फार थोडे पोचतात. ब्रिटिश रायडर ग्रॅहम जार्विस ती पाच वेळा जिंकला, पाचही वेळा टू-स्ट्रोकवर, आणि २०१९ ला जिंकला तेव्हा चाळिशी कधीच ओलांडली होती. यात जुन्या आठवणी कुठे आल्या? तंत्रही थांबलेलं नाही, २०१७ मध्ये केटीएमने एंड्युरो टू-स्ट्रोकला फ्युएल इंजेक्शन दिलं, ऑइलची टाकी वेगळी, पेट्रोलमध्ये ऑइल हाताने मिक्स करायची गरज नाही.

हां, काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. लांबच लांब डांबरी रस्ता कापायचा असेल तर ही गाडी घेऊ नका, टाकी लहान आणि इंजिन त्यासाठी बनलेलंच नाही. इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनानेच गाडी धीमी होणं) जवळजवळ नाही, उतारावर ब्रेकवर विसंबावं लागतं. प्रीमिक्सवाली (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकायची) असेल तर लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवू नका, पेट्रोल गेलं नाही तर ऑइलही जात नाही, मध्ये मध्ये थोडं उघडत राहा. कार्ब्युरेटर असेल तर जेटिंग (जेट बदलून हवा-पेट्रोलचं प्रमाण जमवणं) शिकून घ्या, नाहीतर प्लग काळे होत राहतील. आणि नवशिके असाल तर थेट ३०० न घेता २०० किंवा २५० बघा.

दोन्ही प्रकारच्या गाड्या मिळत असतील तर एकाच अवघड चढावर दोन्ही स्वतः चालवा, आणि बरोबर मित्र असेल तर गाड्या बदलून परत चढा. मी सीनियरना हेच सांगतोय, तोच ओढा, तीच पायरी, माझी ३०० तुम्ही घ्या आणि तुमची ४५० मला द्या. अजून तयार झालेले नाहीत.