स्मार्ट टीव्ही की टॅब? आधी दहा आकडे सांगून बघा

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापुरातल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीजवळची मराठी माध्यमाची शाळा, पहिली ते चौथीचे वर्ग, माजी विद्यार्थ्यांनी जमवून दिलेले १ लाख २० हजार रुपये आणि शिक्षकांत दोन तट. काहींना मोठा स्मार्ट टीव्ही हवाय, काहींना टॅब. मी पूर्व सोलापुरात २८ वर्षं लहान वर्गांना शिकवलं. मला विचाराल तर निदान यंदा यातलं काहीच घेऊ नका. का, ते सांगते.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. आकडे सांगितले की उलटे लिहायची. 'सत्तेचाळीस' म्हटलं की ७४. दोन महिने मी तिच्या वहीत लाल शाईने 'लक्ष दे' असं लिहीत राहिले. मग एका संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली, आणि ही शेजारी बसून वळलेल्या विड्या तेलुगूत मोजत होती. एकही चूक नाही. नलभै एडु, म्हणजे चाळीस-सात.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेलुगूत आणि कन्नडमध्ये आधी दशक येतं, मग एकक. आकडा जसा लिहितो तसाच बोलतात. मराठीत सात आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर. ती पोर जे आधी ऐकत होती ते आधी लिहीत होती. आणि एकोणपन्नासचं काय? त्यात चारही ऐकू येत नाही, नऊही नाही. इंग्लिशमधलं 'फॉर्टी सेव्हन' तेलुगूच्याच क्रमाने जातं, म्हणून आपल्या भागातल्या काही पालकांना इंग्लिश माध्यमात गणित सोपं वाटतं. त्यांचं ते निरीक्षण अगदीच चुकीचं नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला. मला मात्र ते पान बघून बरं वाटलं होतं. मी आधीपासूनच दोन्ही जोडीने म्हणून घेत होते: चाळीस सात, सत्तेचाळीस.

त्या मुलीच्या आईच्या आवाजात मी फोनवर १ ते १०० तेलुगू आकडे रेकॉर्ड केले, प्रत्येक आकड्यामागून माझ्या आवाजात मराठी. दहा-दहा आकड्यांचे तुकडे, मेमरी कार्डवर. इंटरनेट लागलं नाही. उलटं लिहिणं पंधरा दिवसांत कमी झालं, पूर्ण थांबायला दिवाळी उजाडली. एकोणतीस आणि एकोणचाळीस तर वर्षभर छळत राहिले.

तुमचे सहकारी डिसले गुरुजींचा दाखला देतात म्हणालात. जरूर द्यावा, आपल्याच जिल्ह्याचा अभिमान आहे तो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या कामासाठी त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. लोकांच्या लक्षात राहिला तो पुस्तकावरचा क्यूआर कोड. पण त्यांच्यासमोरच्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. त्यांनी ती शिकून घेतली, धडे त्या भाषेत आणले. कोड हे ते धडे घरापर्यंत पोहोचवायचं साधन होतं. हा क्रम तुमच्या सहकाऱ्यांना समजावून सांगा.

टॅबचं म्हणाल तर मी एका शाळेत ते कुलूपबंद कपाटात बघितलेत. किल्ली एकाकडे, चार्जर दुसऱ्याकडे, आणि फुटला तर भरपाई कोण देणार या भीतीने कुणी हातच लावत नसे. शिवाय यंत्र हातात आलं की अभ्यास होतोच असं नाही. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्क्यांनी. टीव्हीची अडचण वेगळी. तो लावला की वर्ग शांत होतो आणि आपल्याला वाटतं, मुलं शिकतायत. ज्या मुलाला मराठी नवीन आहे त्याला तर बोलायला मिळालं पाहिजे, दिवसातून दहादा, चुकतमाकत.

मार्च २०२० नंतर शाळा बंद होत्या तेव्हाचं एक सांगते. सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवलेला अभ्यास कुणीच उघडायचं नाही. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर यंत्रमागावर. रात्री नऊनंतर निळ्या खुणा दिसायला लागायच्या. व्हिडिओ पाठवले की रिचार्ज संपायचं, म्हणून मी दोन मिनिटांच्या आवाजी गोष्टी पाठवायला लागले, आणि त्या चालल्या. विड्या वळताना आयांचे हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, पण कान मोकळे असतात. एका आईने तर मलाच उलट निरोप पाठवला, "बाई, तुमचा तेलुगू शब्द चुकला." तिने तो दुरुस्त करून म्हणून दाखवला. शाळेचा उंबरा क्वचितच चढलेली ती बाई त्या दिवसापासून माझी सहशिक्षिका झाली.

म्हणून पैशांचं असं करा. एक चांगला स्पीकर आणि सिम नसलेले दोन साधे फोन, रेकॉर्डिंगसाठी. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चित्रपुस्तकं. वर्षभराच्या लाइट बिलाची रक्कम बाजूला काढा, नाहीतर स्पीकरही मुका होईल. उरलेला सगळा पैसा एका माणसासाठी ठेवा: वस्तीतलीच बारावी झालेली, मराठी आणि मुलांची घरची भाषा दोन्ही बोलणारी एखादी मुलगी, रोज दोन तास पहिली-दुसरीच्या मुलांशी गप्पा मारायला, गोष्टी सांगायला. मानधनाचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत रीतसर करून घ्या, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवणार नाही. टीव्हीचा हट्ट धरणाऱ्यांना हे पटायला वेळ लागेल, पण तुम्ही मागे हटू नका.

सोमवारी दुसरी-तिसरीला २१ ते ९९ मधले दहा आकडे तोंडी सांगून लिहून घ्या. ज्यांचे उलटे आले त्यांच्या नावापुढे घरची भाषा लिहा आणि ती यादी घेऊनच समितीच्या बैठकीला जा. दहांत एकोणतीस नक्की घाला.