गॅप घेतला, आता पुन्हा त्याच कॉलेजसाठी प्रयत्न करू का?

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचे, म्हणजे एमएचटी-सीईटीचे फॉर्म सुटले की गॅप घेतलेली मुलं माझ्याकडे सल्ला विचारायला यायला लागतात. प्रश्न साधारण एकच असतो: मागच्या वर्षी हवं ते कॉलेज लागलं नाही, वर्षभर घरी थांबलो, आता परत त्याच कॉलेजच्या मागे लागलो तर गॅप आडवा येईल का? अमळनेर तालुक्यातल्या एका मुलीचा अनुभव इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिला पुण्याचं सीओईपी, म्हणजे तिथलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज हवं होतं. बारावीनंतर कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत जळगावचं एक कॉलेज लागत होतं, ते तिने सोडलं. घरची कापसाची शेती, त्यात पोरीने हातातली सीट सोडली, म्हणून भाऊबंदांमध्ये चर्चा. फॉर्मची मुदत संपत आली तरी तो भरायचा तिला धीर होत नव्हता. वडील सोबत आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, “ताई, पोरनं वरीस वाया ते नही गयं ना?”

“पप्पा, परत तेच!” ती पटकन म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

नियमाची भीती आधी काढली. इंजिनिअरिंगचे प्रवेश त्या-त्या वर्षीच्या गुणवत्ता यादीवर होतात. गॅप आहे म्हणून कुणाचे पर्सेंटाईल कापत नाहीत, मागच्या वर्षी सीट सोडली म्हणून नाव खाली जात नाही. गॅपचं प्रतिज्ञापत्र तेवढं करून ठेवायचं. आरक्षणासाठी नॉन-क्रिमीलेअर दाखला लागत असेल तर त्याची मुदत बघायची. मागच्या वर्षीचा दाखला चालेल असं धरून बसलेले पालक ऐन वेळी सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहतात.

मग मी तिला मागचा पेपर दाखवायला सांगितला. सीईटीत आपण कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते लॉगिनमध्ये बघायला मिळतं. तिने ती पीडीएफ मोबाईलमध्ये ठेवली होती, पण वर्षभरात एकदाही उघडली नव्हती. आम्ही दोघी शेजारी बसून एकेक पान बघत गेलो. गणिताच्या 50 प्रश्नांपैकी 14 कोरे. गणिताचा प्रश्न 2 गुणांचा, म्हणजे 28 गुणांना तिने हातच लावला नव्हता.

“येत नव्हते का?”

“काही येत होते. पण खात्री नव्हती. चुकलं तर मायनस होईल म्हणून सोडले.”

देशपातळीवरच्या जेईई मेन परीक्षेत चुकीच्या उत्तराला 1 गुण कापतात. एमएचटी-सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाहीच. क्लासमध्ये दोन्हींची तयारी एकत्र चालायची, तिथली सवय सीईटीच्या पेपरलाही लागली. वेळेचंही तसंच. भौतिक आणि रसायनचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, मग गणिताला 90 मिनिटं. घड्याळ लावून असे सलग तीन तास ती घरी कधी बसलीच नव्हती. गॅपमध्ये काय केलं, तर पहिल्या धड्यापासून सगळं पुन्हा वाचलं. म्हणजे जे येत होतं तेच अजून पक्कं केलं. हे मी फार मुलांमध्ये बघते आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण कष्ट खरे असतात. मागचा पेपर उघडायची लाज वाटते, म्हणून नेमकं कुठे अडलो हे वर्षभर कळतच नाही. यंदा वेगळं काय करणार, हे मुलाला दोन वाक्यांत सांगता आलं, तर मी म्हणते फॉर्म भर. तिला त्या दिवशी ते सांगता आलं.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटत होता. सीओईपीच का? मामेभाऊ तिथे शिकलेला, 1854 पासूनचं कॉलेज, बोट क्लबचे व्हिडिओ. शाखा कोणती? “कॉम्प्युटर. सगळे तेच घेतात.” यावर वडील सहज बोलून गेले, की शेतातला पंप बंद पडला की स्टार्टर हीच उघडते, वायरमनला बोलवावं लागत नाही. मग बोलणं त्याच दिशेने गेलं. सीओईपीत मॅन्युफॅक्चरिंग आहे, इन्स्ट्रुमेंटेशन आहे, मेटलर्जी आहे आणि त्यांचा कटऑफ कॉम्प्युटरइतका चढत नाही. कॉलेज हवं की शाखा, याचं उत्तर ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीची यादी भरण्याआधी घरात ठरलेलं हवं. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर तोच घ्यावा लागतो, तिथे ‘बघू पुढच्या फेरीत’ चालत नाही. मामेभावाकरवी या शाखांमधल्या मुलींशी फोनवर बोलून घे, असं मी तिला सांगितलं.

वडिलांशी वेगळं बोलले. आणखी एक वर्ष थांबायचं नाही, यंदा जे लागेल तिथे प्रवेश, हे दोघांनी एकमेकांसमोर कबूल केलं. आणि भाऊबंदांना उत्तर वडिलांनी द्यायचं, तिने नाही.

फॉर्म तिने त्याच संध्याकाळी भरला. एप्रिलपर्यंत दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर दिला, एकही प्रश्न कोरा न ठेवता. पर्सेंटाईल वाढले, कॉम्प्युटरला तरीही कमी पडले. दुसऱ्या फेरीत सीओईपीचं मॅन्युफॅक्चरिंग लागलं. दुसऱ्या एका कॉलेजचं कॉम्प्युटरही तिच्या यादीत होतं, पण ते तिने स्वतःच खाली टाकलं होतं. वडिलांचा फोन आला तो पुण्यात होस्टेलचा फॉर्म कधी सुटतो हे विचारायला.