दया मागावी लागू नये म्हणून

प्रिय स्नेही,

तुझे पत्र मिळाले. कॅथलिक विद्यापीठात अध्यापक म्हणून नेमणूक झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. विद्यापीठाच्या ध्येयनिवेदनात दयेला पहिले स्थान दिलेले आहे, आणि वर्ग, संशोधन व विभागाचा कारभार या तिन्ही ठिकाणी ती आचरणात आणायची म्हणजे नेमके काय करायचे, असे तू विचारले आहेस. रुजू होण्यापूर्वीच विचारलेस हे बरे झाले. कामाच्या रगाड्यात सापडल्यावर असे प्रश्न मागे पडतात आणि निवेदन भिंतीवरच राहते.

माझे म्हणणे आधीच सांगते. विद्यापीठात दया बहुतेक वेळा मेहेरबानीच्या रूपात वावरते. एखादा विद्यार्थी भेटायला येतो, घरची अडचण सांगतो, त्याचा गळा दाटून येतो आणि आपण त्याला मुदत वाढवून देतो. यात गैर काही नाही. पण अशा दयेचा लाभ ज्याला मागता येते त्यालाच होतो. आपले दुःख परक्या माणसापुढे उघडे करण्याचा ज्याला संकोच वाटतो, ज्याच्या घरात प्राध्यापकाशी बोलण्याची वेळ आजवर कोणावर आलेली नाही, किंवा असे काही मागता येते हेच ज्याला ठाऊक नाही, तो गप्प बसतो, आणि पुष्कळदा त्याचीच गरज सर्वांत मोठी असते. म्हणून दया मागावी लागू नये अशी व्यवस्था आधीच उभी करून ठेवणे, हे विद्यापीठातील दयेचे पहिले काम आहे असे मी मानते.

मर्सी म्हणजे दया हेच नाव धारण करणाऱ्या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाच्या संस्थापिका कॅथरिन मॅकॉली यांच्याकडे मी याच दृष्टीने पाहते. ज्या कुटुंबात त्या अनेक वर्षे राहिल्या, त्या कुटुंबाची मालमत्ता १८२२ नंतर त्यांच्याकडे वारशाने आली. तो पैसा दारात येणाऱ्यांना वाटून टाकता आला असता. त्यांनी मात्र आयर्लंडमधील डब्लिनच्या बॅगट स्ट्रीटवर, सधन लोकांच्या शेजारात, मुद्दाम एक मोठे घर बांधले. २४ सप्टेंबर १८२७ रोजी ते उघडले तेव्हा तिथे गरीब मुलींसाठी शाळा होती आणि कामाच्या शोधात असलेल्या निराधार तरुणींसाठी निवारा होता. धर्मसंघाची रीतसर स्थापना पुढे १८३१ मध्ये झाली. म्हणजे घर आधी आले आणि संघ नंतर. समाजाच्या हिताचे काम म्हणून स्त्रियांच्या काळजीपूर्वक शिक्षणाला त्या संघाच्या नियमावलीत फार वरचे स्थान आहे, आणि अमेरिकेतील कार्लो, साल्व्हे रेजिना, डेट्रॉइट मर्सी यांसारखी विद्यापीठे त्याच परंपरेतून वाढली. तुझ्या विद्यापीठाची परंपरा जेझुइट, डॉमिनिकन वा आणखी कोणत्या कॅथलिक धर्मसंघाची असो, त्या घरापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता वर्गाकडे येते, कारण तुझा सर्वाधिक वेळ तिथेच जाणार आहे. दया म्हणजे गुण वाढवून देणे, अशी समजूत करून घेऊ नकोस. दयेमुळे न्याय मोडत नाही, उलट एका अर्थाने तो पूर्णत्वाला पोहोचतो, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले, आणि परीक्षकाने हा विचार कायम जवळ बाळगावा. ज्या विद्यार्थिनीला औषधाची मात्रा काढता येत नाही तिला परिचर्येच्या परीक्षेत उत्तीर्ण करणे ही तिच्यावर केलेली दया ठरत नाही, कारण त्याची किंमत पुढे कोणा रुग्णाला मोजावी लागते. तिला वेळेवर, स्पष्ट शब्दांत 'हे तुला अजून येत नाही' असे सांगणे, ते शिकण्याची दुसरी संधी देणे आणि त्या संधीची तारीख सत्राच्या आरंभीच जाहीर केलेली असणे, यात न्यायही आहे आणि दयाही.

याची सुरुवात अभ्यासक्रमाच्या आराखड्यापासून होते. तिसऱ्या आठवड्याच्या आत एक छोटी चाचणी ठेव, म्हणजे कोण मागे पडत आहे हे सत्र हातातून निसटण्यापूर्वी कळेल. प्रत्येकाला एक गृहपाठ कारण न सांगता आठवडाभर उशिरा देण्याची मुभा लेखी नियमातच देऊन टाक. असा नियम असला की मृत्यूचे वा आजारपणाचे दाखले जमवत फिरण्याची पाळी कोणावर येत नाही आणि कोण खरे बोलतो, कोण खोटे, याचा निवाडा करण्याच्या अप्रिय कामातून तुझीही सुटका होते. काही सहकारी याला ढिलाई म्हणतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. सत्राच्या अखेरीस कामाचा दर्जा काय राहिला ते त्यांना दाखव.

कॅथलिक परंपरेत सात शारीरिक आणि सात आध्यात्मिक दयाकृत्ये सांगितली आहेत. आध्यात्मिक कृत्यांपैकी अज्ञ माणसाला शिकवणे, संशयात सापडलेल्याला सल्ला देणे आणि चुकणाऱ्याला सावध करणे ही तीन तर सरळसरळ शिक्षकाचीच कामे आहेत. लिखाण तपासताना ती शब्दशः करता येतात. प्रबंधाच्या कच्च्या प्रकरणाच्या समासात 'संदिग्ध' एवढा एकच शब्द लिहून पुढे जाता येते. त्याऐवजी 'इथे परिणाम म्हणतेस तो कोणावर झालेला? मागच्या परिच्छेदात तू शेतकऱ्यांविषयी बोलत होतीस, इथे एकदम बाजारावर आलीस' असेही लिहिता येते. पहिला शेरा वाचून विद्यार्थिनीला आपण कमी पडलो एवढेच समजते. दुसरा वाचल्यावर आज संध्याकाळी कोणते वाक्य दुरुस्त करायचे हे तिला कळते. सगळ्या पानांवर असे लिहायला वेळ पुरणार नाही. पहिल्या तीन पानांवर नीट लिही आणि 'पुढील पानांवर हेच दोष तू स्वतः शोध' असे सांग.

वाङ्मयचौर्य आढळले तर प्रकरण समितीकडे धाडण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याला एकट्याला बोलाव आणि तो परिच्छेद त्याच्या शब्दांत समजावून सांगायला लाव. नियमाप्रमाणे शिक्षा होईल ती होऊ दे, पण शिक्षा संपल्यानंतर तुझ्या वर्गात त्याला पूर्वीसारखेच स्थान आहे हे त्याच बैठकीत, त्याच्या तोंडावर सांग.

संशोधनाविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शमरोनी माणसाचा दाखला तुला माहीत असेल. वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला याजकानेही पाहिले आणि मंदिरातील सेवक असलेल्या लेव्यानेही पाहिले, आणि दोघेही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने निघून गेले; थांबला तो परका शमरोनी. त्यांची नजर शाबूत होती, हेच त्या दाखल्यात मला सर्वांत अस्वस्थ करते. पाहणे हाच संशोधकाचा व्यवसाय असल्यामुळे हा धोका त्याला इतरांपेक्षा जास्त आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण केले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश झालेला होता. चाळीसच्या दशकात पेनिसिलिनचा उपचार उपलब्ध झाला, तरी रोगाची वाटचाल नोंदवता यावी म्हणून तो त्यांना दिला गेला नाही. नोंदी होत राहिल्या, माणसे मरत राहिली. त्या प्रकरणाला वाचा फुटल्यानंतर १९७४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, आणि त्यातून नेमलेल्या आयोगाने १९७९ च्या बेल्मोंट अहवालात व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. आज तुझी नीतिसमिती जे अर्ज भरून घेईल त्यांच्यामागे ही माणसे आहेत. ते अर्ज कंटाळून भरू नकोस.

दयेची मागणी मात्र त्या अर्जापाशी थांबत नाही. मुलाखत देताना एखादी बाई मध्येच रडू लागली तर काय करायचे, हे क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वी ठरलेले हवे: मुलाखत कोण थांबवणार, समुपदेशकाचा क्रमांक कोणाजवळ असणार, आणि तिने सांगितलेले वापरू नका म्हटल्यास ते ध्वनिमुद्रण कोण पुसणार. संमतिपत्र तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखव, आणि 'तुम्हाला यातले काय समजले ते मला सांगाल का?' असे विचारून मगच सही घे. निष्कर्ष नियतकालिकात छापून आल्यावर ते तिच्यापर्यंतही पोहोचव. विषय निवडतानाही, या प्रश्नाचे उत्तर सापडले तर कोणाचे ओझे हलके होईल, असे स्वतःला विचारत जा. प्रत्येक संशोधनाचा उपयोग लगेच दाखवता आला पाहिजे असे माझे म्हणणे नाही. शुद्ध गणिताचा अभ्यासही बुद्धीचा सन्मानच आहे. पण माणसांवर संशोधन करणाऱ्याला या प्रश्नातून सवलत नाही. साहाय्यकांचे मानधन वेळेवर देणे आणि शोधनिबंधावर त्यांचे नाव घालणे, हेही यातच आले.

विभागाची जबाबदारी अजून तुझ्याकडे आलेली नाही, पण ती आली की बैठकीत जो हजर नाही त्याच्या बाजूने बोलण्याची सवय ठेव. कंत्राटी अध्यापकाला सत्राचे वेळापत्रक ऐनवेळी हातात मिळते, तेव्हा त्या खोलीत कोणाच्याच मनात दुष्टपणा नसतो. फक्त तो तिथे नसतो. दयेचा दुरुपयोगही ओळखायला शीक. गुन्हा करणाऱ्याला दया दाखवण्याच्या नावाखाली पीडितांना गप्प बसवण्याचे पाप चर्चच्या संस्थांकडून घडलेले आहे, आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांना लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नोंदवण्याचे बंधनकारक नियम घालून द्यावे लागले. अधिकाराच्या खुर्चीत बसलेल्याची तक्रार तुझ्याकडे आली तर ती ठरलेल्या मार्गाने पुढे पाठव, आपापसांत मिटवू नकोस.

संस्थेलाही क्षमा मागावी लागते. मेरिलँडच्या जेझुइटांनी १८३८ मध्ये २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले विकली आणि त्या पैशाचा एक भाग त्यांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे कर्ज फेडण्याकडे गेला. २०१७ मध्ये विद्यापीठाने आणि जेझुइटांनी त्यांच्या वंशजांपुढे उघड क्षमायाचना केली. त्याआधीच, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणारा विशेष विचार या वंशजांनाही मिळेल असे विद्यापीठाने जाहीर केले होते. एवढ्याने हिशेब चुकता झाला असे वंशजांपैकी अनेकांना वाटत नाही आणि त्यांचे म्हणणे मला पटते. तरीही क्षमायाचनेला प्रवेशाच्या नियमाची जोड मिळाली, हे मला महत्त्वाचे वाटते.

पत्राच्या शेवटी तू संकोचाने विचारले आहेस, 'मी स्वतः कॅथलिक नाही, तर मला हे काम मनापासून करता येईल का?' पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी जे संविधान जारी केले, त्यात अन्य चर्चचे, अन्य धर्मांचे आणि कोणताही धर्म न मानणारे लोक अशा विद्यापीठात असतील हे गृहीत धरलेले आहे. त्यांनी विद्यापीठाच्या कॅथलिक स्वरूपाचा आदर राखावा आणि विद्यापीठाने त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा, अशी दोन्ही बाजूंची अपेक्षा त्यात आहे. तेव्हा प्रार्थनेच्या वेळी तुझ्या श्रद्धेप्रमाणे शांत उभे राहायला तू मोकळी आहेस. रुजू होण्यापूर्वी आराखड्याचा कच्चा मसुदा मला पाठव. उशिरा येणाऱ्या कामाविषयीचा नियम आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
एक ज्येष्ठ सहकारी