'लिंगचाचणी' म्हणावं का 'लिंगनिदान'?

कुडाळकडच्या एका पीटीच्या सरांनी विचारलंय, शाळेतल्या मुली भित्तिपत्रक करतायत, विषय महिला अ‍ॅथलेटिक्समधली सेक्स टेस्ट, म्हणजे महिला गटात उतरणारी बाईच आहे का याची तपासणी, तर तिला 'लिंगचाचणी' म्हणायचं का 'लिंगनिदान', आणि इंटरसेक्सला, म्हणजे जन्मतःच ज्यांचं शरीर बाई किंवा पुरुष या ठरलेल्या साच्यात पूर्ण बसत नाही त्यांना, मराठी शब्द कुठला, 'उभयलिंगी' चालेल का. मुलींनी दक्षिण आफ्रिकेच्या एका महिला धावपटूबद्दल लिहिलेलं वाक्यही सोबत पाठवलंय: 'कॅस्टर सेमेन्या लिंगचाचणीत नापास झाला.'

सर, 'लिंगनिदान' नकोच. सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंत कुठल्याही सोनोग्राफीच्या दारात जा, गर्भलिंग निदान इथे होत नाही असा बोर्ड असतोच. महाराष्ट्रात 1988 ला कायदा आला, देशाचा 1994 ला, तेव्हापासून हा शब्द पोटातल्या मुलीच्या जिवाशी जोडला गेलाय, तो आता दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. शिवाय निदान आजाराचं होतं.

'लिंगचाचणी'बद्दल मात्र जरा लांबण लावतो, कारण खरी गंमत 'लिंग' या शब्दातच आहे. संस्कृतात लिंग म्हणजे मुळात खूण, जिच्यावरून न दिसणारी गोष्ट ओळखायची ती. न्यायशास्त्रातलं ठरलेलं उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर, धूर हे आगीचं लिंग. आपल्याकडे मे महिन्यात समोरच्या डोंगरउतारावर धूर दिसला की आपण बघायला न जाताच म्हणतो ना, कोणीतरी भाजावळ करतंय, तसंच. पण पावसात आंबोलीच्या घाटात धुकं बघून कोणी आग लागली म्हणून ओरडायला लागलं तर? खूण फसते. म्हणून चाचणी म्हटलं की पहिला प्रश्न हा, की कुठली खूण तपासताय?

आणि खेळातल्या या तपासणीचा सगळा इतिहास म्हणजे ही खूण बदलत जाण्याचाच इतिहास आहे. 1966 ला बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत बायकांना डॉक्टरांपुढे कपडे काढून उभं केलं, म्हणजे खूण बाहेरचं शरीर. 1968 पासून ऑलिम्पिकमध्ये गालाच्या आतल्या पेशी काढून एक्स गुणसूत्राची खूण बघायला लागले. 1992 पासून वाय या पुरुषी गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक, जे सापडलं होतं 1990 ला. 1996 ला अटलांटात 3387 जणींपैकी 8 जणींत ते निघालं आणि आठही जणींना खेळू दिलं, मग 1999 ला ऑलिम्पिकवाल्यांनी सरसकट तपासणीच बंद केली. 2011 ला खूण झाली टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक, मर्यादा लिटरला 10 नॅनोमोल, 2018 ला 5 आणि 2023 ला अडीच. आणि 1 सप्टेंबर 2025 पासून या खेळाची जागतिक संघटना वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स परत एसआरवायवर आलंय, जागतिक क्रमवारीला धरल्या जाणाऱ्या स्पर्धेत महिला गटात उतरायचं तर आयुष्यात एकदा ती टेस्ट द्यायची. आता एवढ्या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो, लिंगचाचणी! वाचणाऱ्याला वाटतं बाई आहे का पुरुष हे सांगणारं एखादं मशीनच आहे.

धुक्याचं उदाहरण उगाच नाही दिलं. स्पेनची हर्डलर मारिया होसे मार्तिनेझ पातिन्यो, 1983 ला हेलसिंकीत टेस्ट देऊन तिला स्त्री असल्याचं सर्टिफिकेट मिळालेलं, आपल्या भाषेत बाई असल्याचा दाखला. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, तसा हा. 1985 ला जपानमधल्या कोबेच्या स्पर्धेला जाताना तो दाखला घरी राहिला, परत टेस्ट झाली आणि गुणसूत्रं पुरुषांसारखी एक्सवाय निघाली. पण तिचं शरीर पुरुषी संप्रेरकांना दादच देत नव्हतं, म्हणजे वाय असून त्याचा फायदा शून्य. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले, 1988 ला कुठे परत परवानगी मिळाली. आताच्या नियमात अशांना सूट ठेवलीय, पण मधली वर्षं तिला कोण देणार?

म्हणून माझं मत, शब्दातच खूण सांगा. एसआरवाय चाचणी, टेस्टोस्टेरॉन तपासणी, आणि सगळ्यांना मिळून एक नाव हवं असेल तर 'महिला गटाची पात्रता तपासणी'. लांब आहे, मान्य, पण खरं आहे. महिला गटाला हद्द लागते हे मी मानतो, ती हद्द नसती तर आपल्या तालुक्यातल्या मुली फायनलच्या पट्ट्यावर दिसल्याच नसत्या. पण 'ती या गटात धावू शकते का' हा एक प्रश्न आणि 'ती बाई आहे का' हा दुसरा, आणि 'लिंगचाचणी' हा शब्द दोन्हींची गाठ मारून टाकतो. 2006 ला दोहाच्या एशियाडमध्ये तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं 800 मीटरचं रौप्य अशाच तपासणीनंतर काढून घेतलं, तेव्हा तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते पदकाबद्दल नव्हतं, तिच्याबद्दल होतं. ओडिशाची धावपटू द्युती चंद, तिला टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून 2014 ला कॉमनवेल्थच्या संघातून काढलं, ती क्रीडा लवादाकडे गेली आणि 2015 ला तो नियमच स्थगित झाला.

आता इंटरसेक्स. 'उभयलिंगी' नको, शाळेत गांडूळ उभयलिंगी शिकवतात, दोन्ही अवयव पूर्ण असलेलं, माणसात तसं नसतं, आणि हल्ली तोच शब्द बायसेक्शुअलसाठीही चालतो. 'तृतीयपंथी' तर अजिबात नको, ती वेगळी ओळख आहे. 'आंतरलिंगी' दिसतो कुठे कुठे, पण आंतरशालेय, आंतरजातीय यांच्या रांगेत तो दोन लिंगांमधल्या सामन्यासारखा ऐकू येतो. इंटरसेक्सच लिहा, पोरींना कळतो.

एक आपल्या घरचं सांगतो. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा, आणि चेडू नपुंसकलिंगी, 'झील इलो', 'बायल इली', पण 'चेडू इला'. आमची आजी पुळणीवर पळणाऱ्या नातीकडे बघून म्हणायची, 'ता चेडू बघ कसा धावता', आणि त्या 'ता'मुळे नात मुलगी आहे का अशी शंका कोणाला आली नाही, कारण व्याकरणातलं लिंग ही एक खूण आणि शरीर ही दुसरी, हे तिला न शिकता माहीत होतं. तीच नात पुढे तालुक्याच्या स्पर्धेत मोठ्या फरकाने जिंकली तर कडेला उभे असलेले दोघं म्हणाले, 'ह्या चेडू न्हय, झील आसा.' तेरा वर्षांची पोर, पदक गळ्यात आणि मान खाली. घरी येईपर्यंत बोलली नाही.

तर सर, ते वाक्य असं करा: 'टेस्टोस्टेरॉन कमी करायची औषधं घ्यायला नकार दिल्यामुळे 2019 नंतर कॅस्टर सेमेन्याला 800 मीटरच्या महिला गटात धावता आलं नाही.' क्रीडा लवादाने तेव्हा हा नियम भेदभाव करणारा पण गरजेचा आहे असं म्हटलं होतं, तेही खाली टाका, मुलींना वाद घालू दे. 'नापास' काढा, तिने कुठला पेपर दिला नव्हता. आणि भित्तिपत्रक लावायच्या आधी सगळ्यात पहिलं ते 'झाला' खोडा.